नऊ महिने पीसीपी एअर रायफल वापरल्यावर: "भाऊ, यानं डुक्कर पडते काय?"

रायफलची पेटी घरी आली त्या दिवसापासून हा प्रश्न मला पानठेल्यावर, कृषी केंद्रात आणि एकदा तर मयतीतही विचारला गेला. खोटं कशाला बोलू, पैसे मोजताना माझ्याही मनात तोच होता. चार क्विंटल तुरीची पट्टी एका पेटीत गेली. बायकोनं त्या दिवशी जेवायला वाढलं, पण बोलली नाही.

आमचं वावर सेलू तालुक्यात, जिल्हा वर्धा. बोर व्याघ्र प्रकल्पाचं जंगल इथून फार लांब नाही. रात्री रानडुकरं हरभऱ्यात शिरतात, दिवस उगवायच्या वेळी रोही, म्हणजे नीलगाई, तुरीचे शेंडे खुडून जातात. जागल करून डोळे सुजलेल्या माणसानं यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहिले, की त्यात एअर रायफलनं भलंमोठं जनावर आडवं होताना दिसतं आणि डोकं फिरतं. माझं फिरलं.

घेतली ती ४.५ मिलिमीटरची, देशी बनावटीची पीसीपी. म्हणजे नळीखाली हवेची टाकी, ती २०० बारपर्यंत भरायची (बार हे हवेच्या दाबाचं माप). २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे बोअर, म्हणजे नळीचं आतलं भोक, ४.५ मिलिमीटरच्या वर नसेल आणि छर्र्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल तर परवाना लागत नाही. दुकानदारानं हे सांगितलं. पण २० ज्यूल म्हणजे किती, हे त्यानं सांगितलं नाही.

आधी पंपाबद्दल, कारण नऊ महिन्यांत रायफलपेक्षा जास्त वेळ मी त्याच्याशीच झुंजलो. दिसायला सायकलच्या पंपासारखा, पण १५० बारनंतर अख्खं अंग त्याच्यावर टाकावं लागतं. पन्नास-साठ दट्टे झाले की थांबायचं, नळी हाताला चटका देईपर्यंत तापते आणि आतले सील जातात. मी पहिल्या आठवड्यात घाई केली आणि एक सील घालवलं. ते यायला अठरा दिवस लागले, विक्रेत्यानं फोन उचलणं तर सोडूनच दिलं. पावसाळ्यात हवेबरोबर दमटपणाही आत जातो, म्हणून पंपाच्या तळाचा स्क्रू सोडून पाणी काढायची सवय लावून घ्या. आणि ओ-रिंगला, म्हणजे आतल्या रबरी कडीला, सिलिकॉन ग्रीसच लावा. मोटारसायकलचं ऑइल किंवा खोबरेल तेल अजिबात नको. दाबाखाली तेल पेट घेतं, तोंडाजवळ धरलेल्या नळीत ते व्हायला नको.

नेम मात्र मानला. धक्का नाही, आवाज फटाक्याच्या लवंगीएवढा. वारा पडलेला असेल तर २५ मीटरवर पाच छर्रे एक रुपयाच्या नाण्यात बसतात. घुमटी तोंडाचे छर्रे घ्या, चपट्या तोंडाचे लांबवर भरकटतात. डबी खाली पडली असेल तर छर्र्याचा मागचा घेर चेपलाय का ते बघा, माझे दोन दिवस त्यातच गेले. एका भरणीत चाळीसेक छर्रे सारखे जातात, मग नेम खाली यायला लागतो. सोबत आलेली दुर्बीण सुमार होती, तिच्याबद्दल जास्त लिहीत नाही. ती आता खिळ्याला टांगलेली आहे.

आता डुकराचं. गोठ्यात आज्याच्या काळातली विहिरीतून पाणी काढायची चामड्याची मोट पडून आहे, वाळून लाकडासारखी कडक झालेली. ती दुमडून धुऱ्यावरच्या बाभळीला टांगली आणि २५ मीटरवरून मारलं. छर्रा पहिला पदर फोडून दुसऱ्यात अडकला, डोकं चेपून बटणासारखं झालेलं. रानडुकराच्या नराला खांद्यावर कातडीखाली घट्ट चिवट थर असतो, त्याखाली हाड, आणि वरून वाळलेल्या चिखलाचा लेप. म्हणजे मोटेपेक्षा काम अवघडच.

हिशेबही करून पाहिला. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २८० मीटरनं निघाला की होतात जेमतेम २० ज्यूल. अमेरिकेत टेक्सासमध्ये हरणाला एअर रायफल चालते, पण तिथला नियम सांगतो: बोअर किमान .३० इंच, आणि १५० ग्रेनची (पावणेदहा ग्रॅमची) गोळी सेकंदाला ८०० फुटांनी, नाहीतर २१५ फूट-पाउंड ऊर्जा. म्हणजे २९० ज्यूलच्या आसपास, माझ्या रायफलच्या चौदा पट, आणि तेही फक्त हरणासाठी. हवेच्या बंदुकीत जोरच नसतो असं नाही. अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळायला १८०४ मध्ये निघालेल्या लुईस आणि क्लार्कच्या मोहिमेतही एक एअर रायफल होती. पण त्या बंदुका वेगळ्या आणि तिथला कायदाही वेगळा.

पौषात एका रात्री जागलीला रायफल घेऊन बसलो होतो. तीसेक पावलांवर एक एकटा नर आला. टॉर्चच्या उजेडात दुर्बिणीतून पाठीवरचे ताठ केस दिसले, सोंडेवरची ओली माती दिसली, हरभऱ्याचं घाटं फुटल्याचा कुरकुर आवाजही ऐकू आला. बोट घोड्यावर होतं. मग मोटेतला तो छर्रा आठवला. हे जनावर मरणार नाही, खांद्यात शिसं घेऊन पळेल, आणि उद्या सकाळी शेजारच्या वावरात कापसाच्या पराटीत वाकलेल्या बाईला भेटेल. रायफल खाली ठेवली आणि टिनाचा डबा बडवला.

कायदाही सांगून ठेवतो, कारण पानठेल्यावर कोणी सांगत नाही. रानडुक्कर आणि रोही, दोन्ही १९७२ च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित आहेत. वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय मारणं गुन्हा, मारायचा प्रयत्नही 'शिकार' या शब्दात येतो. अभयारण्यात तर परवानगीशिवाय कुठलंही हत्यार न्यायचं नाही, आणि कायद्यातली हत्याराची व्याख्या एवढी मोठी आहे की गलोलही सुटायची नाही. पीक नासलं तर भरपाईचा अर्ज लगेच टाका. मी चार महिन्यांपूर्वी टाकला, पैसे यायचे आहेत. डुकरं थोडीफार अडली ती झटका मशीनच्या, म्हणजे शिवलं की विजेचा झटका देणाऱ्या कुंपणाच्या, तारेनं, तीही बॅटरी टिकली तोवर.

मग रायफल पडून आहे का? नाही. पुतणी आठवीत आहे, सुट्टीत तिनं हातात घेतली आणि परत द्यायचं नाव नाही. गोठ्यात दहा मीटर मोजून, मागे वाळूची पोती रचून कागद लावतो. स्पर्धेच्या कागदावर १० गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. ही रायफल स्पर्धेची नव्हे, तरी पुतणी तो ठिपका कधी कधी उडवते आणि "काका, पंप मारा" म्हणून ओरडते. पंप माझ्याकडेच राहिला.

विचारणारे अजून येतात. मी त्यांना गोठ्यात नेऊन मोट दाखवतो. परवा एका गड्यानं तो छर्रा नखानं उकरून काढला, तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "मंग याच्याहून मोठा भेटत नाही काय?"