प्रागमध्ये एक तास काफ्कासाठी: फिरतं डोकं की रिकामा कोट?

प्रागला एखादाच दिवस हाताशी असला की तो किल्ला, चार्ल्स पूल आणि जुन्या चौकातलं १४१० सालचं घड्याळ यांतच संपतो. त्यातून तासभर इथल्याच लेखकासाठी, फ्रांझ काफ्कासाठी काढायचा ठरवलाच, तर पंचाईत होते ती त्याच्या दोन शिल्पांमध्ये. एक शिल्पकार डाविड चेर्नीने केलेलं काफ्काचं फिरतं डोकं, दुसरा शिल्पकार यारोस्लाव्ह रोनाचा, रिकाम्या सुटाच्या खांद्यावर बसलेला काफ्का. दोन्ही भर रस्त्यात, दोन्ही फुकट. शिल्पकलेचं काही कळतं की नाही, याने फारसा फरक पडत नाही. काफ्का वाचलाय का आणि बरोबर कोण आहे, हे आधी बघा.

डोकं नारोदनी त्रशीदा मेट्रो स्थानकाजवळ, क्वाद्रियो नावाच्या मॉलला लागून आहे. २०१४ साली ते इथे बसवलं. उंची जवळजवळ ११ मीटर, वजन ३९ टनांच्या घरात, आणि चकचकीत स्टेनलेस स्टीलचे एकावर एक ४२ थर. प्रत्येक थर आपापला फिरतो, म्हणून चेहरा एकदम वळत नाही, तो विस्कटतो. कपाळाचा एखादा पट्टा निसटतो, नाक कानाच्या दिशेने सरकतं, हनुवटी मानेमागे जाते, आणि बघता बघता समोर नुसती स्टीलची चळत उरते. तिच्यात आजूबाजूच्या इमारती, आभाळ आणि खाली मोबाइल उंचावून उभे असलेले आपण, सगळे तुकड्यातुकड्यांनी दिसतो. मग थर पुन्हा जुळायला लागतात आणि तो निमुळता चेहरा परत येतो. पोरं तर हलायलाच तयार होत नाहीत. मात्र ते दिवसभर सतत फिरत नाही. साधारण तास भरताना फिरतं, तेव्हा थोडं आधीच पोहोचा.

आता तक्रार. मोबाइलवरच्या व्हिडिओत जे दिसतं, जवळजवळ तेच तिथे दिसतं. शिवाय ही युक्ती काफ्कासाठी सुचलेली नाही. अमेरिकेतल्या शार्लट शहरात चेर्नीनेच २००७ साली असंच थरांचं फिरतं डोकं केलंय, आणि ते डोकं काफ्काचं नाही. म्हणजे प्रागमध्ये आपण काफ्कापेक्षा चेर्नीच जास्त बघतो, असं माझं मत आहे. तरी एक गोष्ट नकळत जमून गेलीय. काफ्का १९०८ ते १९२२ कामगार अपघात विमा संस्थेत नोकरीला होता. लाकूड रंधण्याच्या यंत्रात कामगारांची बोटं जात. चौकोनी दांड्याऐवजी गोल दांडा बसवला तर ती कशी वाचतील, यावर त्याने आकृत्यांसह अहवाल लिहिला होता. अशा माणसाचं स्मारक फिरत्या यंत्राचं असावं, हे मला त्याच्या कथेतल्या, कीटक झालेल्या ग्रेगोरचं चित्र छापलेल्या मगांपेक्षा कितीतरी जास्त पटतं.

रोनाचं ब्राँझचं शिल्प २००३ सालचं. जुन्या ज्यू वस्तीत, दुश्नी रस्त्यावर, स्पॅनिश सिनेगॉग या ज्यू प्रार्थनास्थळाच्या शेजारी. उंची पावणेचार मीटर, म्हणजे त्या फिरत्या डोक्याच्या जवळपास एक तृतीयांश, आणि हलत काहीच नाही. एक अंगभर सूट पावलं टाकत चाललाय, पण त्यात माणूसच नाही. कॉलरच्या आत पोकळी, बाह्यांच्या टोकाला हात नाहीत. त्याच्या खांद्यावर हॅट घातलेला छोटा काफ्का बसलाय, बोट पुढे करून. काफ्काच्या एका सुरुवातीच्या कथेत निवेदक ओळखीच्या माणसाच्या खांद्यावर उडी मारून त्याला घोड्यासारखा पळवतो, तिथून हे आलंय. कॉलरच्या आतली ती पोकळी नक्की बघा. फ्रांझ काफ्का पुरस्कार म्हणून देतात ती मूर्ती याच शिल्पाची छोटी प्रतिकृती आहे.

ज्यांनी काफ्काच्या दोन-चार कथा तरी वाचल्यात, त्यांनी सरळ दुश्नी रस्ता गाठावा. तिथे गर्दी कमी असते आणि शिल्पाला जितका वेळ द्याल तितकं ते उलगडत जातं. ज्यांनी वाचलेला नाही, त्यांना तिथे ‘हे काय विचित्र’ एवढंच वाटून पुढे जावंसं वाटेल. त्यांच्यासाठी डोकंच बरं. बरोबर लहान मुलं, किंवा चालून पाय दुखलेले आईबाबा असतील तरीही डोकंच, कारण मेट्रोतून वर आलं की काम झालं. टूर कंपनीच्या बसने गेला असाल आणि जुन्या चौकात मोकळा वेळ मिळाला असेल, तर उलट दुश्नी रस्ता जवळ, पायी पाचेक मिनिटांवर. दोन्ही शिल्पांमधलं अंतर साधारण वीस मिनिटांच्या चालीचं, त्यामुळे दीड तास असेल तर मुळात निवडच करू नका.

काफ्का संग्रहालयाच्या अंगणात चेर्नीचंच आणखी एक हलतं शिल्प आहे: दोन ब्राँझचे पुरुष, कंबर हलवत, चेक देशाच्या आकाराच्या हौदात लघवी करतात. काफ्काशी त्याचा संबंध पत्त्यापुरताच. सासू-सासरे बरोबर असतील तर तुमचं तुम्ही ठरवा.

आणि ज्यांना शिल्पबिल्प नकोच, काफ्काच हवाय, त्यांनी झेलिव्हस्केहो स्थानकाजवळची नवी ज्यू दफनभूमी गाठावी. तिथे आईवडिलांसोबत त्याची कबर आहे, आणि नाझी छळात मारल्या गेलेल्या तिन्ही बहिणींच्या नावांची पाटीही. शनिवारी मात्र ती बंद असते.