गिअर लॉक, ट्रॅकर आणि किल्लीचे पाऊच: चार महिन्यांनंतरचे मत

पार्ल्यातील आमच्या जुन्या इमारतीला पार्किंग नसल्याने गाडी रात्रभर गल्लीत उभी असते. शेजारच्या काकांची बटणावर सुरू होणारी गाडी पहाटे नाहीशी झाली आणि रस्त्यावर काचेचा एक तुकडाही सापडला नाही, तेव्हा मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील एका दुकानातून गिअर लॉक, जीपीएस ट्रॅकर आणि किल्लीचे पाऊच अशा तीन वस्तू घेतल्या.

काच न फोडता गाडी कशी जाते, हे समजल्याशिवाय या वस्तूंचे मोल ठरवता येत नाही. अशी गाडी साधारण १२५ किलोहर्ट्झवर किल्लीला हाक मारते आणि ती हाक एक-दोन मीटरच पोहोचत असल्याने किल्ली खिशात असेल तेव्हाच ओ देते. चोर दोघे येतात. एक गाडीपाशी थांबून तिची हाक पकडतो, दुसरा घराच्या दाराशी उभा राहून तीच हाक आत टांगलेल्या किल्लीपर्यंत पोहोचवतो, आणि मालक शेजारीच आहे असे समजून गाडी उघडते. एकदा सुरू झालेले इंजिन पुढे किल्ली दूर राहिली तरी चालत्या गाडीत बंद पडत नाही, कारण तसे होणे प्रवाशांच्या जिवावर बेतले असते.

गाडीची हाक आतल्या किल्लीपर्यंत पोहोचू न देणे हे पाऊचचे काम, पण त्याने निराशा केली. किल्ली त्यात घालून गाडीच्या दाराशी जायचे आणि हँडल ओढून पाहायचे, एवढीच त्याची परीक्षा. सातव्या आठवड्यात दार निमूटपणे उघडले, कारण आतले धातूमिश्रित कापड नेमके घडीवर झिजले होते. दुकानदाराने ते बदलून देण्यास नकार दिला.

गिअर लॉक मात्र पैसे वसूल करणारे आहे. कारागिराने कन्सोल उघडून ते थेट गाडीच्या सांगाड्याला जोडले. आवळताना बोल्टची माथी तुटून पडतात, त्यामुळे नंतर पाना लावायला जागाच उरत नाही. मॅन्युअल गाडीत ते रिव्हर्समध्ये आणि ऑटोमॅटिकमध्ये पी वर अडकते. इंजिन कोणत्याही युक्तीने सुरू केले तरी लिव्हर हलत नाही. टो करून नेणाऱ्यापुढे त्याचा इलाज नाही, हे खरे.

ट्रॅकरबाबत माझी तक्रार यंत्रापेक्षा बसवण्याच्या पद्धतीबद्दल अधिक आहे. नवी किल्ली गाडीला ओळखायला लावण्यासाठी चोर स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला (मेकॅनिक बिघाड तपासायला यंत्र जोडतात त्या खाचेला) यंत्र जोडतो आणि आमच्या कारागीर महाशयांनी ट्रॅकर त्याच पोर्टच्या शेजारी, नवीकोरी काळी टेप गुंडाळून लटकवला होता. शिवाय वीज घेण्यासाठी कंपनीची मूळ वायर सोलली होती, ज्यावरून पुढे वॉरंटीचा वाद होऊ शकतो. फ्यूज बॉक्समधून जोडणी घ्या, असे आधीच बजावावे. तळघरातील पार्किंगमध्ये उपग्रहाचा सिग्नल मिळत नसल्याने ॲपवर शेवटचे ठिकाणच दिसत राहते, आणि सिमच्या रिचार्जची तारीख आपणच लक्षात ठेवावी लागते.

‘विम्याचा हप्ता बराच कमी होईल’ हे दुकानातील आश्वासन मनावर घेऊ नये. चोरीविरोधी उपकरणावरील सवलतीसाठी त्याला पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेची मान्यता लागते. ती सवलतही गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर २.५ टक्के, कमाल ५०० रुपये इतकीच ठरलेली होती. माझ्या बिलासोबत असे कोणतेही प्रमाणपत्र नव्हते. काकांना विमा कंपनीने दोन्ही किल्ल्या आणि पोलिसांच्या तपासाचा ‘ए समरी’ अहवाल (गुन्हा खरा, पण छडा लागला नाही असा) मागितला. दुसरी किल्ली कोणत्या खणात आहे हे शोधण्यातच त्यांचे दोन दिवस गेले.

मी पुन्हा दुकानात गेलो तेव्हा, वाद घातल्यावर का होईना, कारागिराने पाऊण तास खपून ट्रॅकरची जागा आणि जोडणी दोन्ही विनाशुल्क बदलून दिली. नवी जागा कोणती, ते अर्थातच इथे लिहीत नाही.