क्लब की शाळेचे मैदान: पिचर मुलीने कुठे शिकावे?

सांगली-मिरज परिसरात सहावी-सातवीतल्या एखाद्या मुलीचा हात सॉफ्टबॉलमधल्या पिचिंगला, म्हणजे बॅटिंग करणारीकडे चेंडू टाकायला, चांगला आहे असे लक्षात आले की तिच्या पालकांपुढे साधारणपणे दोन वाटा येतात. उन्हाळी शिबिरापासून सुरू होऊन पुढे वर्षभर रोज संध्याकाळी चालणारा खाजगी क्लब ही एक वाट, आणि शाळेच्या मैदानावर क्रीडाशिक्षक आठवड्यातून तीन-चार दिवस घेतात तो सराव ही दुसरी. आमच्या मुलीने दोन्ही अनुभवल्या आहेत. फी, येण्याजाण्याचे अंतर, साहित्य यांची चौकशी कोणालाही एका फोनवर करता येते, म्हणून ती येथे बाजूला ठेवतो. मला लिहायचे आहे ते वाढत्या वयातल्या खांद्याबद्दल, कारण प्रशिक्षणाची निवड करताना त्याचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो.

सॉफ्टबॉलमध्ये हात खालून येतो, त्यामुळे खांद्याला त्रास होत नाही, हा समज दोन्ही मैदानांवर ऐकायला मिळतो. अमेरिकेत बेसबॉलच्या पिचरसाठी दिवसाला किती चेंडू टाकावेत याचे वयानुसार संकेत आहेत. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला ८५ आणि तेरा ते सोळा वर्षांच्या मुलाला ९५. सॉफ्टबॉलमध्ये मात्र चेंडूंच्या संख्येवर सहसा असे बंधन नसते आणि एकच पिचर दिवसात दोन-दोन सामने टाकते, त्यामागे हाच समज आहे. प्रत्यक्षात १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत विंडमिल पिचिंग, म्हणजे पवनचक्कीसारखा हात पूर्ण फिरवून सॉफ्टबॉलमध्ये टाकतात तो प्रकार, करताना खांद्यावर व कोपरावर येणारा ताण बेसबॉलच्या तोडीचा आढळला, आणि २००९ मधील एका अभ्यासात बायसेप्सला, म्हणजे दंडाच्या पुढच्या स्नायूला, वरून फेकण्यापेक्षा विंडमिलमध्ये जास्त काम पडत असल्याचे दिसले. हात पूर्ण वर्तुळ फिरून खाली येतो तेव्हा तो खांद्याच्या खोबणीतून बाहेर ओढला जात असतो, आणि त्याला धरून ठेवण्याचा बराच भार याच स्नायूच्या वरच्या टोकावर पडतो. म्हणूनच पिचर मुलींची तक्रार पुष्कळदा खांद्याच्या पुढच्या बाजूची असते. शिवाय दंडाच्या हाडाची सुमारे ८० टक्के वाढ खांद्याकडच्या टोकाला होते आणि बारा-तेराव्या वर्षी तो भाग अजून पक्का झालेला नसतो, हे लक्षात घेतले तर ‘लहान वयात हाडे लवचिक असतात, काही होत नाही’ हे वाक्य किती बिनबुडाचे आहे ते कळेल.

आता क्लबाविषयी. आम्ही ज्या क्लबात होतो तेथील शिस्त वाखाणण्यासारखी होती. मुली वेळेवर येत, धावणे कोणी चुकवत नसे आणि मोठ्या मुली समोर बॅटिंगला उभ्या राहत असल्यामुळे धाकट्या पिचरची भीती लवकर मोडत असे. चेंडूचा वेग महिन्याभरात वाढलेला डोळ्यांना दिसत होता. विभागीय व राज्य निवडीपर्यंत पोहोचण्याची वाट तेथील सरांना ठाऊक होती, आणि दहावीचे सवलतीचे गुण किंवा पुढे सरकारी नोकरीतील खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण डोळ्यांपुढे ठेवणाऱ्या पालकांना ते महत्त्वाचे वाटणे स्वाभाविक आहे.

शिकवण्याच्या पद्धतीत मात्र फरक होता. क्लबात हात वरून मागे येताना तळवा सेकंड बेसकडे, म्हणजे पिचरच्या पाठीमागच्या दिशेला, ठेवून चेंडू खाली ढकलत आणायला, सोडताना मनगटाचा झटका द्यायला, कंबर झटकन बंद करायला, म्हणजे पुढे वळवायला, आणि शेवटी कोपर उचलून कॅचरला, म्हणजे समोर चेंडू झेलणारीला, ‘दाखवायला’ सांगत. शाळेतले सर कोपर अंगाजवळून येऊ द्यायला, हाताचा पुढचा भाग मांडीच्या बाजूला हलकासा घासून जाऊ द्यायला आणि चेंडू सुटल्यावर हात जिथे जाईल तिथे जाऊ द्यायला सांगतात. उत्तम पिचरचे संथ गतीतले चित्रण पाहिले तर चेंडू सुटतेवेळी बहुतेकींचा हात दुसऱ्या प्रकारे चालताना दिसतो. नुकत्याच ताणलेल्या बायसेप्सला लगेच कोपर उचलायला लावणे मला पटत नाही, आणि कंबर लवकर बंद केली की हाताला जायला जागा उरत नाही, हेही आमच्या मुलीच्या बाबतीत दिसले. तरीही पहिल्या पद्धतीने शिकून वर्षानुवर्षे विनातक्रार खेळलेल्या मुली आमच्याच जिल्ह्यात आहेत, त्यामुळे केवळ एवढ्यावरून मी कोणाला क्लब सोडा असे म्हणणार नाही.

आमचा निर्णय ठरला तो एका साध्या प्रश्नावरून. मुलीला घ्यायला गेलो की मी विचारत असे, “आज किती चेंडू झाले?” या प्रश्नाचे उत्तर मला तेथे कधीच मिळाले नाही. सर हसून म्हणत, “अहो काका, मोजत बसलं तर पिचर कधी व्हायचं?” सराव संपायचा तो अंधार पडल्यावर किंवा चेंडू प्लेटपर्यंत, म्हणजे बॅटिंगच्या जागेपर्यंत, पोहोचेनासा झाल्यावर. भिंतीसमोरचे चेंडू, कॅचरसमोरचे चेंडू, बॅटिंगच्या सरावासाठी टाकलेले चेंडू आणि रविवारच्या मैत्रीपूर्ण सामन्यातले चेंडू यांची बेरीज कोणाकडेच नव्हती, कारण बॅटिंगच्या सरावातले चेंडू पिचिंगमध्ये धरायचे असतात हेच तेथे मान्य नव्हते. खांदा दुखतो असे मुलीने सांगितले तेव्हा “खांदा उघडतोय तिचा, आठ दिवसांत बसतंय” असे उत्तर आले, आणि त्या आठ दिवसांतही तिला पिचिंगपासून कोणी दूर ठेवले नाही. सोबत २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधील जपानच्या युकिको उएनो यांचे उदाहरण मुलींना आवर्जून सांगितले जाई. दोन दिवसांत तीन सामने, ४१३ चेंडू आणि अखेर अमेरिकेला हरवून सुवर्णपदक, हा पराक्रम खराच आहे, आणि त्याच उएनो २०२१ मध्ये टोकियोलाही सुवर्णपदक विजेत्या संघात होत्या. पण बीजिंगमध्ये त्या २६ वर्षांच्या होत्या. त्यांचे उदाहरण सातवीतल्या मुलीपुढे ठेवताना वयाचा हा फरक कोणी सांगत नसे.

त्याच सुमारास एका सुट्टीच्या दिवशी मुलगी आरशासमोर वेणी घालत असताना तिच्या आईच्या लक्षात आले की उजवा हात कानाच्या वर नेण्याऐवजी ती मानच उजवीकडे झुकवत आहे; म्हणजे हात केसांपर्यंत जात नव्हता, डोके हातापर्यंत येत होते. मिरजेत फिजिओथेरपिस्टकडे गेलो. त्यांनी खांद्याच्या पुढच्या बाजूला बोटाने नेमके दाबले, मुलगी दचकली, आणि त्यांचा पहिला प्रश्न होता, “दिवसाला किती चेंडू टाकते?” ज्या प्रश्नाचे उत्तर मला मैदानावर मिळत नव्हते तोच प्रश्न दवाखान्यात मला विचारला जात होता. काही आठवडे पिचिंग पूर्ण बंद राहिले, मग हळूहळू सुरू झाले, पण ते शाळेच्या मैदानावर.

शाळेतल्या सरांकडे हजेरीची एक जुनी वही आहे आणि तिची मागची पाने पिचरसाठी राखलेली आहेत. प्रत्येकीच्या नावापुढे पाच-पाच रेघांच्या जुड्या असतात; सरावाच्या निळ्या शाईत, सामन्याच्या लाल शाईत. त्या दिवशी न खेळणारी मुलगी त्या मारते, आणि बॅटिंगच्या सरावातले चेंडूही त्यात धरले जातात. ठरलेला आकडा आला की चेंडू काढून घेतला जातो, मग मुलगी कितीही रंगात असो. सामन्यानंतरचे दोन दिवस पायांचे व्यायाम, कंबरेचे व्यायाम आणि कॅच. एकीवर सगळा भार पडू नये म्हणून संघात तीन पिचर तयार केल्या जातात. दुखते असे सांगणाऱ्या मुलीला सर एवढेच विचारतात की पुढून की मागून, आणि वहीत तिच्या नावापुढे फुली मारतात.

या वहीची किंमतही मोजावी लागते, हे सांगितलेच पाहिजे. जिल्हास्तरीय स्पर्धेत आम्ही पुढे असताना आकडा भरला म्हणून सरांनी पिचर बदलली आणि तो सामना गेला. पालकांमध्ये बरीच कुरबुर झाली, त्यात मीही थोडा होतो. राइझ बॉल, म्हणजे बॅटिंग करणारीला वर उसळल्यासारखा वाटणारा चेंडू, शाळेत शिकवला जात नाही, कारण सरांना तो येत नाही आणि तसे ते मोकळेपणाने सांगतात. कॅचरकडे फारसे लक्ष दिले जात नाही. पावसाळ्यात काळ्या मातीच्या मैदानावर पाय रुततात, सराव व्हरांड्यात येतो आणि पिचिंग जवळजवळ थांबते. नेमके त्यानंतर शालेय स्पर्धा तोंडावर येतात, आणि थांबलेल्या हातावर एकदम भार टाकणे हेही दुखापतीचे एक मोठे कारण असते. सर तेव्हा आकडा आठवड्या-आठवड्याने चढवतात खरे, पण संघ इतरांच्या मागे पडतो तो पडतोच. शिवाय हे सगळे एका माणसावर उभे आहे. उद्या सरांची बदली झाली तर वही शाळेत राहील, ती भरून घेणारा माणूस राहील याची खात्री नाही.

मुलगी सतरा-अठरा वर्षांची असेल, तिची उंची वाढायची थांबली असेल, राज्य संघ हे तिचे स्वतःचे ध्येय असेल आणि शाळेत आता शिकण्यासारखे फारसे उरले नसेल, तर क्लबाचा विचार जरूर करावा. मोठ्या मुलींसमोर टाकण्याचा जो सराव तेथे मिळतो तो शाळेत मिळणार नाही. लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल पुन्हा आल्यामुळे क्लबांकडे ओढा वाढलेला आहे आणि त्यांतील काही ठिकाणी चेंडू मोजलेही जात असतील. चौदा वर्षांखालील मुलीसाठी मात्र, दोन्हीकडचे प्रशिक्षक सारख्याच तळमळीचे आहेत असे गृहीत धरले तरी, मी शाळेकडे झुकेन. वार्षिक परीक्षा संपली की शिबिरांचे प्रवेश सुरू होतात. पैसे भरण्यापूर्वी एका संध्याकाळी मैदानाच्या कडेला बसून कोणत्याही एका पिचरचे सगळे चेंडू, भिंतीसमोरचे धरून, स्वतः मोजावेत, आणि सराव सुटल्यावर तोच आकडा प्रशिक्षकांना विचारावा.