पुण्यात फ्लॅटमध्ये राहून ड्रम्स स्वतः शिकायचे तर पॅड, इलेक्ट्रॉनिक सेट की जॅम रूम?

ड्रम्स शिकायचेत, नोकरीमुळे क्लासच्या वेळा जमत नाहीत, घर कोथरूडला नाहीतर वाकडला तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर, आणि नक्की कशावर पैसे घालायचे ते कळत नाहीये, अशा माणसासाठी हे लिहितेय. बहुतेक जण पहिलाच प्रश्न विचारतात की सेट कुठला घेऊ. माझं मत, आधी जागा बघा. कुठे आणि किती वाजता वाजवणार ते ठरलं की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

अकूस्टिक सेटपासून, म्हणजे विजेशिवाय वाजणाऱ्या खऱ्या ड्रम्सपासून सुरू करू, कारण मनात सगळ्यांच्या तोच असतो. खरा आनंद तिथेच आहे यात वादच नाही. २२ इंची किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) छातीत जाणवते, स्नेअरच्या (समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमच्या) मधोमध मारलं तर एक आवाज, कडेजवळ वेगळा, रिमसकट, म्हणजे धातूच्या कडीसकट मारलं तर तिसराच, आणि हाय-हॅट (एकावर एक बसवलेल्या दोन झांजा) पायाने किती दाबून धरलीय त्यावर दहा रंग निघतात, हे सगळं कान आणि हात एकत्र शिकतात. पण जवळून मोजलं तर हा आवाज सहज १०० डेसिबलच्या वर जातो, आणि ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ फक्त ४५ आहे. गाद्या लावून, अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून हे थांबत नाही, त्याने खोलीतला घुमारा कमी होतो, शेजारी जाणारा आवाज नाही. त्यामुळे बंगला किंवा गावाकडे मोकळी जागा नसेल तर अकूस्टिक सेट विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका, जॅम रूममध्ये, म्हणजे सेट लावून ठेवलेल्या सरावाच्या भाड्याच्या खोलीत, तासावर वाजवा. पुण्यात बँडवाली पोरं भरपूर, २०१० ला एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव इथूनच सुरू झाला, तासावर मिळणाऱ्या खोल्या शोधल्या की सापडतात. फोन करताना दोनच गोष्टी विचारा, एकट्या ड्रमरसाठी वेगळा दर आहे का आणि वीकडेला दुपारी स्वस्त पडतं का. आणि इअरप्लग न्या, पहिल्या दिवसापासून, कान एकदा गेले की परत येत नाहीत.

इलेक्ट्रॉनिक सेट हा फ्लॅटवाल्यांचा लाडका पर्याय, हेडफोन लावला की झालं असं दुकानदार सांगतात. हातांपुरतं ते बऱ्यापैकी खरं आहे. रबरी पॅड टकटक वाजतात, जाळीचे म्हणजे मेश हेड बरेच शांत, म्हणून पैसे कमी पडत असतील तर थोडं थांबून मेशवालाच घ्या, नवा साधारण ३५-४० हजारांच्या पुढे धरून चला. खरी अडचण पायाची. किक पॅडलवर पाय मारला की आवाज हवेतून कमी आणि स्लॅबमधून जास्त जातो, तुम्हाला हेडफोनमध्ये गोड किक ऐकू येते आणि खालच्या काकूंना छतावर धप धप. हल्लीच्या मायव्हॅनच्या (साच्यात ओतून बांधलेल्या) बिल्डिंगमध्ये भिंतीसुद्धा सलग काँक्रीटच्या, त्यात हा धक्का आणखी लांब जातो, आणि पेठेतल्या जुन्या वाड्याची लाकडी तक्तपोशी असेल तर विचारायलाच नको. नुसती सतरंजी टाकून भागत नाही. जगभर ड्रमर जे करतात ते करा, प्लायच्या दोन फळ्या, मध्ये टेनिस बॉल, खालच्या फळीला भोकं पाडून बॉल बसवायचे आणि वर पूर्ण सेट ठेवायचा, धक्का बॉल खातात. आणि सेट घ्यायच्या आधी एकदा खाली जाऊन सांगून या की असं असं आणतोय, त्रास झाला तर हक्काने सांगा, याने फार फरक पडतो.

या सेटमध्ये दुसरी एक गोष्ट लपलेली असते. मेशवर स्टिक खऱ्या कातड्यापेक्षा जास्त उसळते, मशीन प्रत्येक फटक्याला तयार सुंदर आवाज देतं, त्यामुळे हात कच्चा असला तरी कानाला छान वाटतं. मग जॅम रूममध्ये खऱ्या स्नेअरवर बसलं की हळू वाजवायच्या घोस्ट नोट्स गायब आणि क्रॅशची मोठी झांज मात्र सगळ्यांच्या डोक्यावर. म्हणून इलेक्ट्रॉनिक घेतला तरी महिन्यातून एक-दोनदा खऱ्या सेटवर बसाच.

आता प्रॅक्टिस पॅड, ज्याच्याकडे कुणी धड बघत नाही. एक रबरी पॅड, ५ए साइझच्या स्टिक्स, फोनमधला मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारं अॅप), सगळं मिळून दोन-तीन हजारांत होतं. कंटाळवाणं आहे का, हो आहे, पण हात इथेच तयार होतो. डबल स्ट्रोकचं उदाहरण घ्या, उजवा उजवा डावा डावा. सुरुवातीला प्रत्येकाचा दुसरा फटका मऊ पडतो कारण तो नुसत्या उसळीवर सोडलेला असतो. पहिला मनगटाने मारायचा आणि स्टिक वर येतानाच बोटांनी ती परत आत ओढायची, तेव्हा दुसरा बरोबरीने लागतो. पॅडवर हा फरक लख्ख ऐकू येतो, मोठ्या सेटच्या गोंगाटात नाही. मिनिटाला ६० टिक अशा लयीत, घाई न करता. परकसिव्ह आर्ट्स सोसायटी या तालवादकांच्या संस्थेच्या यादीत ४० रुडिमेंट्स, म्हणजे हाताचे पायाभूत नमुने आहेत, सगळी लागत नाहीत, सिंगल, डबल, पॅराडिडल (उजवा डावा उजवा उजवा, मग उलट) आणि फ्लॅम (मुख्य फटक्याच्या किंचित आधी एक हलका फटका) एवढी पक्की केली तरी पहिलं वर्ष भरगच्च जातं. पॅडची उणीव एकच, पाय शिकत नाहीत. खुर्चीत बसून जमिनीवर टाचा टेकवून-उचलून सराव होतो थोडाफार, पण चारही हातपाय वेगवेगळे चालवणं सेटवरच येतं.

आणि हो, ढोल-ताशा पथकात असाल तर तुमचं गणित वेगळं. ताशावाल्यांचा हात आधीच पळतो आणि लय रक्तात असते, त्यांनी पॅडवर फक्त पकड बदलायला वेळ द्यावा कारण ताशाच्या काड्या लवचिक, ड्रमस्टिक जड. ढोलवाल्यांना एका हातात टिपरू आणि दुसऱ्याने थाप अशी सवय, त्यांचा दुसऱ्या हातातल्या स्टिकवर जास्त घाम निघेल. पाय मात्र दोघांचेही कोरे, पॅडल कुणालाच ओळखीचं नाही.

सर की यूट्यूब, यात मी पूर्ण एकट्याने शिकायच्या बाजूची नाही. बीट, फिल (बीटच्या मध्ये भरायचा छोटा तुकडा), गाणी हे सगळं व्हिडिओ बघून येतं, पकड येत नाही. स्टिक आवळून धरणारा माणूस स्वतःला आवळलेला दिसत नाही, त्याला सहा महिन्यांनी कोपर दुखायला लागल्यावर कळतं. सुरुवातीला सरांकडे चार-पाच बैठका घ्या, नंतर दोन महिन्यांतून एकदा हात दाखवून या, मधल्या काळात फोन बाजूला ठेवून स्लो मोशनमध्ये मनगटाचा व्हिडिओ काढा. ट्रिनिटी किंवा रॉकस्कूलच्या ग्रेड परीक्षा द्यायच्या असतील तर मात्र नियमित क्लासच बरा. लयीसाठी एक सराव एकट्याने छान होतो, मेट्रोनोम एक आवर्तन चालू आणि एक आवर्तन बंद ठेवायचा, बंद असताना तुम्ही पुढे पळालात की मागे राहिलात ते परत टिक आली की लगेच कळतं. बहुतेक जण फिलमध्ये पळतात.

म्हणून निवड विचाराल तर तीन महिने पॅड आणि पंधरा दिवसांतून एकदा जॅम रूम, आणि तीन महिन्यांनी पॅड अजून रोज बाहेर निघत असेल तरच मेश सेट. शाळकरी मुलासाठी घेताय तरी हेच, फक्त स्टिक्स ७ए घ्या, हलक्या पडतात.

मेश सेट जुना घेतलात तरी चालेल, नोकरी बदलून शहर सोडणारे लोक चांगल्या अवस्थेतले विकतात. बघायला जाताना स्वतःचा हेडफोन आणि स्टिक्स न्या. प्रत्येक पॅड अगदी हळू वाजवून बघा, मग कडेला, मग एक पॅड जोरात मारून शेजारचा आपोआप वाजतोय का ते ऐका. हाय-हॅटचं पॅडल सावकाश दाबत न्या, आवाज उघड्यापासून बंदपर्यंत हळूहळू बदलायला हवा, मध्येच उडी मारत असेल तर किंमत पाडून मागा किंवा सोडून द्या.