भिंत एक नंबर, पण तो ग्रेडचा तक्ता बदला राव!

पुण्यातल्या एका बोल्डरिंग जिमबद्दल (दोर न बांधता बुटक्या भिंतीवर चढायचं, खाली मॅट) लिहितेय, नाव टाकत नाही कारण पोरं चांगली आहेत आणि तक्रार एकाच गोष्टीची आहे. मॅट जाड, होल्ड (भिंतीवरचे पकडायचे तुकडे) घासून स्वच्छ ठेवलेले, भाड्याच्या शूजना वास येत नाही (हे फार मोठं कौतुक आहे हां).

नव्या लोकांना ग्रेड, म्हणजे चढाई किती अवघड ते, समजावून सांगतात ते तर मला फारच आवडलं. बोल्डरिंगचं व्ही स्केल टेक्ससमधल्या ह्युको टँक्स या चढाईच्या जागेतून आलं, क्लाइंबर जॉन शर्मनच्या 'व्हर्मिन' या टोपणनावातला व्ही, आता व्ही१७ पर्यंत गेलंय. अमेरिकन रोप रूटचं (दोर बांधून चढायच्या वाटांचं) स्केल आधी ५.९ लाच संपायचं, मग त्याहून अवघड रूट व्हायला लागले म्हणून ५.१० आलं, ते पाच पॉइंट दहा वाचायचं, त्याचं गणित लावत बसू नका.

आता तक्रार. रिसेप्शनमागच्या तक्त्यात 'फ्रेंच' असा एकच कॉलम आहे आणि त्यात रोपचे आणि बोल्डरिंगचे ग्रेड सरळ एकत्र टाकलेत!! अहो रोप रूटचा ६ए म्हणजे साधारण ५.१०ए, आणि फ्रान्समधल्याच फाँतेनब्लोच्या बोल्डरिंग स्केलचा ६ए म्हणजे व्ही३ च्या आसपास, जमीन-अस्मानाचा फरक आहे. बदामीला दोर लावत ६ए लीड करून आलेला माणूस हा तक्ता बघून हंपीत ६ए च्या बोल्डरवर गेला तर पहिल्याच मूव्हला खाली बसेल आणि म्हणेल हंपीवाले ग्रेड कडक देतात. काउंटरवर सांगितलं तर 'हो मॅडम बघतो', तक्ता अजून तसाच.

रंगांचं म्हणाल तर एका रंगात दोन-तीन ग्रेड येतात, ते चालतं, ग्रेड शेवटी मतच असतं, बाहेर खडकावर पण पहिला चढणारा सुचवतो आणि नंतरचे चढून वर-खाली करतात. पण इथले सेटर (होल्ड लावून चढाया बनवणारे) सगळे उंच. कोपऱ्यातल्या स्लॅबवर (मागे झुकलेल्या भिंतीवर) निळ्या होल्डची एक चढाई आहे, सुरुवातीच्या गोल, कडा नसलेल्या स्लोपरवरून थेट वरचा बोटांच्या टोकांनी धरायचा क्रिंप, मध्ये पायाला फक्त नखाएवढी चिप, सहा फुटी माणूस उभ्या उभ्या हात लावतो आणि आमच्यासारख्यांना उडी मारावी लागते, तीही स्लॅबवर! एखादी बुटकी सेटर घ्या ना टीममध्ये.

पाचपैकी चार. वीकएंडला संध्याकाळी जाऊ नका, चढण्यापेक्षा रांगेत जास्त वेळ जातो.