मोठी ऑफ-ग्रिड सोलर यंत्रणा: डीसी कपलिंग की एसी कपलिंग, आणि जनरेटरशी कोणाचं जमतं?

वीज कंपनीच्या जाळ्याला न जोडलेल्या (ऑफ-ग्रिड) यंत्रणेत पॅनेलची वीज चार्ज कंट्रोलरमधून, म्हणजे बॅटरीचं चार्जिंग सांभाळणाऱ्या उपकरणातून, थेट बॅटरीला द्यायची (डीसी कपलिंग), की ग्रिड-टाय इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची डीसी वीज एसी करून आधीच चालू असलेल्या एसीत मिसळणारा इन्व्हर्टर, लावून एसी बाजूला सोडायची (एसी कपलिंग)? यावरचा वाद बहुतेक वेळा कार्यक्षमतेवरून रंगतो. तो आकडेमोडीने लवकर मिटतो, आणि मिटल्यावर कळतं की निर्णय घ्यायचा तो वेगळ्याच मुद्द्यांवर.

उदाहरण म्हणून दिवसाला १०० युनिट वापर धरू. सर्वोच्च मागणी २० किलोवॅट, ६० टक्के वापर उन्हाच्या वेळी, बाकी रात्री. वर्षातल्या सर्वांत कमी उन्हाच्या महिन्यात रोज ४ तासांइतकं पूर्ण ऊन आणि एकूण कार्यक्षमता ७५ टक्के धरली, तर साधारण ३३ किलोवॅटचे पॅनेल लागतात. एसी पद्धतीत दिवसा थेट वापरलेल्या विजेपैकी सुमारे ९७ टक्के हाती लागते, डीसीत ९२. रात्री उलटं होतं: लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतून फिरून आलेली वीज डीसीत सुमारे ८८ टक्के मिळते, एसीत ८३, कारण बॅटरीत जाताना तिचं जास्तीचं एक रूपांतर होतं. ६०:४० च्या वापरात दोन्हींतला फरक जेमतेम एक टक्का पडतो. धूळ बसलेल्या पॅनेलवर याहून जास्त जातं.

बॅटरी भरली, आता?

डीसीत उत्तर सोपं आहे. कंट्रोलर हात आखडता घेतो, बाकी कोणाला पत्ता लागत नाही.

एसीत बॅटरी इन्व्हर्टर (बॅटरीच्या डीसीतून एसी तयार करणारा) फ्रीक्वेन्सी वाढवतो आणि ती पाहून ग्रिड-टाय इन्व्हर्टर उत्पादन कमी करतात. सेटिंगप्रमाणे ही कपात ५० हर्ट्झच्या किंचित वर सुरू होते आणि ५२-५३ हर्ट्झला उत्पादन शून्यावर येतं. ग्रिड-टाय इन्व्हर्टरमध्ये ऑफ-ग्रिड किंवा 'आयलंड' सेटिंग टाकलंच पाहिजे. ते राहिलं तर इन्व्हर्टर टप्प्याटप्प्याने कमी होण्याऐवजी एकदम बंद पडतात, मग काही मिनिटं थांबून पुन्हा चालू होतात आणि दुपारभर हाच खेळ चालतो. काही यूपीएस ५२ हर्ट्झची वीज नाकारतात आणि भर उन्हात स्वतःच्या बॅटरीवर जातात. संगणक अधूनमधून बंद पडत असतील, तर दोष शोधायला इथून सुरुवात करावी.

दुसरी अट क्षमतेची. मोठा लोड अचानक सुटला, तर फ्रीक्वेन्सी वाढून कपात होईपर्यंत सगळं सोलर उत्पादन बॅटरी इन्व्हर्टरमधून उलटं बॅटरीत शिरतं. म्हणून बरेच उत्पादक एसी बाजूचं सोलर बॅटरी इन्व्हर्टरच्या क्षमतेइतकंच ठेवायला सांगतात. काही दुप्पट चालवून घेतात. आपल्या उदाहरणात मोटारींचा सुरुवातीचा झटका धरून ३० केव्हीएचा इन्व्हर्टर संच घेतला, तर एकास एक नियमात ३३ किलोवॅट बसत नाहीत. शुद्ध एसी आराखडा इथेच अडतो.

बॅटरी पूर्ण उतरली, आता?

एसीत सगळंच थांबतं. ग्रिड-टाय इन्व्हर्टरला आधी कोणीतरी एसी तयार करून द्यावी लागते, आणि ती देणारा बॅटरी इन्व्हर्टर झोपलेला असतो. ऊन कितीही पडो, जनरेटर सुरू होत नसेल तर कोणीतरी तिथे गेल्याशिवाय यंत्रणा उठत नाही. डीसीत सकाळी कंट्रोलर बॅटरीला आपोआप उचलतो. मात्र लिथियम बॅटरीच्या बीएमएसने (बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा) कॉन्टॅक्टर (बॅटरी जोडणारा-तोडणारा स्विच) उघडला असेल, तर तोही हतबल होतो. म्हणून इन्व्हर्टरची लो-बॅटरी मर्यादा बीएमएसच्या मर्यादेच्या बरीच वर, १० ते १५ टक्क्यांवर ठेवावी. माणूस रोज जात नाही अशा जागी शुद्ध एसी कपलिंग करूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

जनरेटर सुरू असताना

इथे फरक सर्वांत मोठा. जनरेटर आला की बॅटरी इन्व्हर्टर त्याच्याशी ताल जुळवतो आणि फ्रीक्वेन्सीचा लगाम त्याच्या हातून सुटतो. समजा, दुपारी जनरेटर चालू आहे, ग्रिड-टाय इन्व्हर्टर १५ किलोवॅट देताहेत, लोड ६ किलोवॅटवर उतरला आणि जवळजवळ भरलेली बॅटरी ५ च घेते आहे. उरलेले ४ किलोवॅट जनरेटरमध्ये उलटे घुसतात. रिव्हर्स पॉवर रिले (उलटी वीज आली की जनरेटर तोडणारा) असेल तर तो ट्रिप होतो. नसेल तर इंजिनाचा वेग वाढतो आणि नुकसान होऊ शकतं. वेळ इतकी आली नाही तरी लोड ३० टक्क्यांखाली रेंगाळला की अर्धवट जळलेलं डिझेल आणि काजळी एक्झॉस्टमध्ये साचते. यावर दोन उपाय आहेत: जनरेटर चालू होताच काही ग्रिड-टाय इन्व्हर्टर तोडणारा कॉन्टॅक्टर, किंवा जनरेटरवर किमान ३० टक्के लोड राहील असं सोलर आवरणारा कंट्रोलर. डीसीत ही भानगड नाही. ऊन वाढेल तसं जनरेटरवरून होणारं इन्व्हर्टरचं चार्जिंग उतरतं, इतकंच.

जनरेटरची क्षमता लोड अधिक चार्जिंग मिळून ७० ते ८० टक्के भरेल अशी निवडावी. २०० युनिटची लेड-ॲसिड बँक (बॅटरीसंच) २० ते २५ किलोवॅटच्या पुढे घेत नाही आणि शेवटच्या टप्प्यात प्रवाह हळूहळू ओसरत जातो. म्हणून तिच्यासाठी जनरेटर पहाटे चालवावा आणि शेवटची भर उन्हावर सोडावी. १२५ युनिटची लिथियम बँक ५० किलोवॅटही घेऊ शकते, त्यामुळे कमी तासांत काम उरकतं. पण चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवावं, नाहीतर सकाळच्या सोलरला जागा उरत नाही. शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये. जनरेटर सुरू करण्याचा आदेश लिथियममध्ये बीएमएसच्या टक्केवारीवरून द्यावा. नुसता व्होल्टेज पाहिला तर मोठी मोटार सुरू होताच तो क्षणभर खाली येतो आणि जनरेटर विनाकारण गुरगुरतो.

वायरिंगमधले अडथळे

पॅनेल शेदोनशे मीटर लांब असतील तर एसी सोयीची: स्ट्रिंग (एकापुढे एक जोडलेले पॅनेल) ५०० ते ८०० व्होल्टवर चालतात, केबल बारीक राहते. २५० व्होल्टच्या चार्ज कंट्रोलरवर ४९.५ व्होल्ट व्होकचे (लोड नसतानाचा व्होल्टेज) पाच पॅनेल कागदावर बसतात (२४७.५), पण ५ अंश तापमानाला व्होल्टेज सहा टक्क्यांनी वाढून २६२ होतो आणि कंट्रोलर जळतो. चारच जोडावेत. ४८ व्होल्टच्या बॅटरीतून २० किलोवॅट काढायला ४४० अँपिअर लागतात. मागणी याच्या बरीच पुढे जाणार असेल, तर बसबार (प्रवाह वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्या) जाड करत बसण्यापेक्षा उच्च व्होल्टेज बॅटरीकडे वळावं.

आपल्या उदाहरणासाठी आम्ही २० किलोवॅट एसी बाजूला आणि १३ किलोवॅट डीसीत ठेवू. दिवसाचा लोड थेट भागतो, एकास एक नियम पाळला जातो आणि बॅटरी पूर्ण उतरली तरी १३ किलोवॅट तिला उठवायला हजर असतात. वापर मुख्यतः रात्रीचा असेल तर सगळं डीसीत घ्यावं.

काम ताब्यात घेण्याआधी तीन गोष्टी करून पाहाव्यात. बॅटरी ९५ टक्क्यांवर असताना भर दुपारी सर्वांत मोठा लोड एकदम तोडायचा. मग तोच प्रयोग जनरेटर चालू ठेवून करायचा. शेवटी रात्री इन्व्हर्टर लो-बॅटरीवर बंद पडू द्यायचा, जनरेटरचा ऑटो-स्टार्ट काढून ठेवायचा आणि सकाळी कोणी हात न लावता यंत्रणा उठते का ते पाहायचं. जनरेटर घेताक्षणी अर्थ लीकेज ब्रेकर पडत असेल, तर न्यूट्रल आणि अर्थ दोन ठिकाणी जोडलेले नाहीत ना, हे आधी तपासायचं: एका वेळी असा जोड एकच हवा, इन्व्हर्टरमध्ये किंवा जनरेटरमध्ये.