डीबीएस लावून १४ महिने झाले: काय परत आलं, काय नाही

रात्री कूस बदलता येते. डीबीएसनंतर, म्हणजे मेंदूत खोल तार बसवून छातीतल्या यंत्राने तिथे वीज देण्याच्या शस्त्रक्रियेनंतर, काय फरक पडला असं कोणी विचारलं, की माझं पहिलं उत्तर हेच असतं. विचारणाऱ्याला खरं तर हाताच्या थरथरीबद्दल ऐकायचं असतं. हात थांबला, तेही सांगते. पण कित्येक वर्षं रात्री ओंडक्यासारखी पडून ह्यांना हाक मारावी लागायची, ती आता मारावी लागत नाही.

माझं वय ५८, पार्किन्सन्सचं निदान होऊन ११ वर्षं झाली. शस्त्रक्रियेआधी लेव्होडोपाच्या, म्हणजे हालचालीला लागणारं डोपामिन हे मेंदूतलं रसायन भरून काढणाऱ्या औषधाच्या, दिवसाला सात गोळ्या चालू होत्या. गोळी लागू पडायला पाऊण तास, मग तास-दीड तास बरा, त्यातही मान आणि खांदे आपोआप वळवळायचे, आणि मग पुन्हा पाय जमिनीला खिळलेले. गोळी लागू असतानाचं ‘ऑन’ आणि उतरल्यावरचं ‘ऑफ’ ज्यांनी भोगलंय त्यांना जास्त सांगायला नको.

आधी एक चाचणी झाली. आदल्या रात्रीपासून गोळ्या बंद, सकाळी पूर्ण ‘ऑफ’मध्ये तपासून गुण दिले, मग नेहमीपेक्षा मोठा डोस देऊन पुन्हा गुण. दोन्हींत साधारण ३० टक्के तरी फरक पडायला हवा. तेव्हा मला तो एक सोपस्कार वाटला. आता वाटतं, सगळ्यात महत्त्वाची सकाळ तीच होती. कारण कंप सोडला, तर जे गोळीने सुधारतं तेच बहुतेक या तारेने सुधारतं. गोळीच्या ऐन भरातही तोल जात असेल, तर यंत्र लावूनही तो जाणार. माझा जातो. वळताना दोनदा पडले आहे.

ऑपरेशनबद्दल थोडंच लिहिते. मला जागं ठेवलं होतं. कवटीला ड्रिल लागतं तेव्हा दुखत नाही, पण आवाज बाहेरून येत नाही, हाडातून येतो, आणि हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. मग केसासारखी बारीक तार सबथॅलॅमिक न्यूक्लियसकडे, म्हणजे हालचालींशी संबंधित मेंदूतल्या एका छोट्या केंद्रकाकडे, सरकू लागली आणि पेशींचा आवाज स्पीकरवर यायला लागला. आधी तुरळक, मग एकदम पत्र्यावर पाऊस कोसळावा तसा. ‘पोचलो,’ सर्जन म्हणाले. सेंटिमीटरभर लांबीचं ते केंद्रक. डोपामिन कमी पडलं की ते अति जागं होतं आणि तिथल्या पेशी सेकंदाला १३ ते ३० वेळा अशा एका सुरात धडकत राहतात. हालचाल सुरू व्हायला तो सूर मोडावा लागतो, आणि आमच्यात तो नीट मोडत नाही. माझ्या छातीतली डबी तिथे सेकंदाला विजेचे १३० ठोके देते. हा वेगवान ठोक्यांचा उपाय सापडला तो १९८७ मध्ये, फ्रान्समधल्या ग्रनोबलला. न्यूरोसर्जन आलिम-लुई बेनाबिद कंपासाठी थॅलॅमस या मेंदूतल्या भागाचा छोटा तुकडा जाळायच्या आधी जागा बरोबर आहे का हे विजेने तपासत होते. ठोक्यांचा वेग सेकंदाला शंभराच्या आसपास नेल्यावर, काही न जाळताच कंप थांबला. मी हे वाचलं तेव्हा माझ्या यंत्राचा रिमोट हातात घेऊन बराच वेळ बसले होते.

यंत्र चालू केलं चार आठवड्यांनी. ऑपरेशननंतरचे पहिले पंधरा दिवस मी यंत्र बंद असूनही चांगली होते, कारण नुसती तार आत गेल्याने जी सूज आणि इजा होते तिचाही काही दिवस गुण येतो. तो ओसरला आणि मी रडले. सगळं फुकट गेलं असं वाटलं. हे असंच होतं हे ठाऊक असतं तर ते दिवस तसे गेले नसते, म्हणून मुद्दाम लिहिते.

पहिल्या प्रोग्रॅमिंगला, म्हणजे यंत्राचा करंट माझ्यापुरता जुळवायला, तीन तास लागले. माझं उजवं मनगट डॉक्टरांच्या हातात, ते वाकवून बघत आणि डाव्या तारेचा करंट थोडा थोडा वाढवत. एका टप्प्यावर मनगट सैल झालं. मी काही हालचाल करायच्या आधीच ते मला कळलं, कोणी घट्ट आवळलेली पट्टी सोडावी तसं. आणखी वाढवल्यावर ओठाचा उजवा कोपरा ओढला गेला, म्हणजे वीज शेजारच्या मार्गावर पसरली. गुण येतो तो आकडा आणि त्रास सुरू होतो तो आकडा, यांच्यामध्ये जेवढी जागा तेवढंच तुमचं रान. माझं अरुंद आहे.

त्याची किंमत आवाजाने दिली. २.८ मिलिअँपिअरला हात दगडासारखा स्थिर, पण शब्द एकमेकांत घुसायला लागले. मुलगी फोनवर दर वाक्याला ‘आई, परत सांग’ म्हणायची. शेवटी फोन मीच टाळू लागले. तीन-चार भेटींनंतर करंट २.१ वर आणला आणि वीज एकाच दिशेला वळवली. नव्या तारांवर तशी सोय असते, घ्यायच्या आधी जरूर विचारा. आता रिमोटवर दोन प्रोग्रॅम आहेत. विणकाम, लिखाण, भाजी चिरणं यांना एक, आणि माणसांशी बोलायचं असलं की दुसरा. दुसऱ्यात उजवा अंगठा थोडा हलतो. हलू दे.

गोळ्या सातवरून एकदम तीनवर आणल्या, ती घाई झाली. हात चालत होता, पण तो चालवावासाच वाटेना. पुस्तक उघडावं, कोणाशी बोलावं, काहीच नको. घरच्यांना वाटलं मी थकले, मला वाटलं आता मी अशीच. डोपामिनची औषधं फार झपाट्याने उतरवली की असं होतं, हे नंतर कळलं. चारवर आणल्यावर काही आठवड्यांत माणसात आले. तुमच्या माणसाचं शरीर सुधारलं आणि उत्साह गेला असं दिसलं, तर त्याला आळशी म्हणू नका, डॉक्टरांना सांगा.

एकदा तपासणीत यंत्र बंद केलं. मिनिटभरात उजवा हात थरथरू लागला, मग हळूहळू अंग आखडत गेलं, अर्ध्या तासात खुर्चीतून उठता येईना. चालू केल्यावर थरथर काही सेकंदांत गेली, आखडलेपण सुटायला वेळ लागला. हे शेजारी बसून पाहिल्यावर ह्यांनी चार्जिंगचा दिवस कधी चुकवलेला नाही. चार्जिंगला आठवड्यातून तासभर जातो, छातीवर पट्टा लावून वाचत बसते.

एका फिजिओथेरपीच्या ठिकाणी खांद्याला डायथर्मीचा, म्हणजे शरीरात खोलवर उष्णता पोचवणारा, शेक द्यायला यंत्र ओढलंसुद्धा होतं. मी ओरडून थांबवलं. डीबीएस असलेल्याला डायथर्मी कधीच द्यायची नाही, तारेचं टोक तापून मेंदूला इजा होते. यंत्राचं कार्ड कायम जवळ ठेवा आणि स्वतः सांगा, समोरच्याला माहीत असेल असं धरून चालू नका.

आता पोहण्याबद्दल, कारण हे मला आधी कोणीच बोललं नव्हतं. मी लहानपणापासून पोहते. सहाव्या महिन्यात, हात-पाय इतके मोकळे झालेत म्हणून, गळ्याएवढ्या पाण्यात उतरले आणि अंग सोडलं. हात एकीकडे, पाय दुसरीकडे, दोघांचा मेळच बसेना. बुडायला लागले. मुलीने ओढून काठाला आणलं. नंतर कळलं, २०१९ मध्ये अशाच नऊ जणांची नोंद प्रसिद्ध झाली आहे. सगळे चांगले पोहणारे होते, आणि त्यातल्या तिघांनी यंत्र बंद केल्यावर पोहणं लगेच परत आलं. ज्या विजेने माझं मनगट सोडवलं तिनेच हात-पायांची जुनी ओळख कशी पुसली, याचा मी अजून विचार करते. चालणं सुधारलं म्हणून पाणी जमेल असं धरू नका, एकटं तर अजिबात उतरू नका.

मी यंत्र बंद करून पाण्यात जाणार नाही, तेवढं धैर्य नाही. गेल्या महिन्यापासून कमरेएवढ्या पाण्यात कठडा धरून फक्त पाय मारते, मुलगी हाताच्या अंतरावर उभी. डावा, उजवा, डावा, उजवा, मोठ्याने मोजत. मोजणं थांबलं की पाय विसरतात. परवा चाळीसपर्यंत गेले.